यष्टींमागून प्रशिक्षकपदाकडे : चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द

हँडबॉल, हॉकी वा फुटबॉलमधील गोलरक्षकाप्रमाणे क्रिकेटमधील यष्टिरक्षकालाही संपूर्ण मैदान समोरून दिसते. गोलंदाजाचा टप्पा, फलंदाजाच्या पायांची हालचाल आणि क्षेत्ररक्षणातील फटी त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत. भारताचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत सीताराम पंडित यांनी ही नजर प्रशिक्षकपदी आणली. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांना त्यांनी मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकून दिला.

पंडित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 रोजी मुंबईत झाला. रमाकांत आचरेकर यांच्या तालमीत ते घडले. 1986च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्स येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, मात्र त्या सामन्यात यष्टिरक्षण किरण मोरे यांच्याकडे होते आणि पंडित यांची निवड केवळ फलंदाज म्हणून झाली होती. पुढील काळातही मोरे हेच संघाची पहिली पसंती राहिले. 1987च्या विश्वचषकात वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यात हे दोघे एकत्र खेळले. पंडित यांच्या वाट्याला 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने आले. प्रथम श्रेणीत त्यांनी 48 हून अधिक सरासरीने 8 हजारांवर धावा व 22 शतके केली. हे आकडे पाहता त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तोकडीच म्हणावी लागेल.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडून खेळले आणि संघाचे कर्णधार झाले. 1998-99च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकविरुद्धच्या त्या सामन्यात मध्य प्रदेशने पहिल्या डावात आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. मात्र अखेरच्या दिवशी विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे फलंदाजी कोसळली आणि मध्य प्रदेशचा 96 धावांनी पराभव झाला.

निवृत्तीनंतर पंडित मुंबईचे प्रशिक्षक झाले. 2002-03 व 2003-04 असे लागोपाठ दोन हंगाम आणि पुन्हा 2015-16 मध्ये मुंबई त्यांच्या मार्गदर्शनाखाली विजेती ठरली. अखेरचे विजेतेपद हे मुंबईचे 41वे होते. पुढच्याच हंगामात अंतिम सामन्यात गुजरातकडून पराभव झाला आणि मुंबईशी त्यांचा करार संपुष्टात आला.

त्यानंतर त्यांनी विदर्भाची जबाबदारी स्वीकारली. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या या संघाने तोवर अंतिम फेरीही गाठली नव्हती. दुय्यम समजले जाणारे संघही करंडक जिंकू शकतात, हे त्यापूर्वी राजस्थानने दाखवले होते. जयपूर हे मुख्य केंद्र असलेल्या राजस्थानने 2010-11 मध्ये प्लेट गटातून येऊन करंडक जिंकला आणि पुढील वर्षी तो राखला. दोन्ही वेळा कर्णधार होते पुण्याचे हृषीकेश कानिटकर. त्यांचे वडील हेमंत कानिटकर हेही भारताकडून खेळलेले यष्टिरक्षक-फलंदाज होते.

विदर्भाचे यश मात्र पंडित यांच्या पहिल्याच हंगामात आले. 2017-18च्या उपांत्य सामन्यात कोलकात्यात कर्नाटकवर अवघ्या 5 धावांनी मात करून विदर्भाने अंतिम फेरी गाठली. इंदूरमधील अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणी यांची हॅटट्रिक आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांचे शतक यांच्या बळावर फैझ फझलच्या संघाने दिल्लीला 9 गडी राखून नमवले. पुढील हंगामात नागपुरात सौराष्ट्रचा 78 धावांनी पराभव करून विदर्भाने करंडक राखला. याच वाडकर यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा करंडक उंचावला, तेव्हा पंडित संघासोबत नव्हते.

2020 मध्ये पंडित प्रशिक्षक म्हणून मध्य प्रदेशात परतले. जून 2022 मध्ये रणजीचा अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामी स्टेडियमवर झाला. यावेळी प्रतिस्पर्धी होता खुद्द मुंबईचा संघ. सर्फराज खानच्या 134 धावांच्या जोरावर मुंबईने 374 धावा केल्या. त्याला मध्य प्रदेशने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांसह 536 धावांनी उत्तर दिले. मुंबईचा दुसरा डाव 269 धावांत आटोपला आणि मध्य प्रदेशने 6 गडी राखून विजय मिळवला. होळकर संघाने पूर्वी चार वेळा हा करंडक जिंकला असला, तरी मध्य प्रदेश या नावाने मिळालेले हे पहिलेच विजेतेपद होते. 23 वर्षांपूर्वी ज्या मैदानावर कर्णधार म्हणून करंडक हुकला, तेथेच पंडित यांच्या डोळ्यांत विजयाचे अश्रू तरळले.

कठोर शिस्त ही त्यांच्या पद्धतीची ओळख. सरावाच्या वेळा, पेहराव, मैदानाबाहेरील वर्तन यांबाबत ते तडजोड करीत नाहीत, असा त्यांचा लौकिक आहे. आयपीएलमध्ये मात्र हीच शिस्त टीकेचा विषय झाली. ऑगस्ट 2022 मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांची मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती केली. पहिल्या हंगामात संघ सातव्या स्थानी राहिला. 26 मे 2024 रोजी चेन्नईत सनरायझर्स हैदराबादला 8 गडी राखून पराभूत करून कोलकात्याने विजेतेपद पटकावले. त्या यशाचे श्रेय मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्याकडेही मोठ्या प्रमाणावर गेले. 2025 मध्ये संघ आठव्या स्थानी घसरल्यानंतर जुलैमध्ये पंडित यांनी हे पद सोडले.