अब्बांची अँजिओप्लास्टी झालीय? पॅकेजआधी जुनी फाइल काढा

अब्बा-अम्मींची बायपास किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर 'फुल बॉडी' पॅकेजपेक्षा डिस्चार्ज कार्ड महत्त्वाचं. हिंदमाताहून परळचं केईएम जवळच. 1926 पासूनच्या या पालिका रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे. कार्ड, जुना ईसीजी, इको रिपोर्ट आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा, चाचण्या मग ठरवा.

सहसा लिपिड प्रोफाइल, शुगर, क्रिएटिनिन आणि ईसीजी लागतात. इको डॉक्टर सांगतील तेव्हा. ट्रेडमिल टेस्ट स्वतःहून मुळीच नको. धातूची झडप बसवलेल्यांनी, वॉरफरीनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असते म्हणून, पीटी-आयएनआर चुकवू नये. पुष्कळ पॅकेजांत ती नसतेच.

खरा घोळ रिपोर्ट वाचताना होतो. एलडीएल 95 येतं, बाजूला छापलेलं असतं '100 च्या खाली नॉर्मल'. घरचे खूश! पण तो आकडा निरोगी माणसाचा. स्टेंट बसलेल्यांचं एलडीएल हृदयरोगतज्ज्ञ बहुधा 55 च्या खाली आणायला बघतात. म्हणून 'नॉर्मल' वाचून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका.

रोजे ठेवायचे असतील तर रमजानच्या महिनाभर आधी दाखवा, गोळ्यांच्या वेळा तेव्हाच विचारून घ्या. आणि पावसाळ्यात फाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हिंदमाताचं पाणी आपल्याला ठाऊक आहेच.