पसहर आणि चौदा अक्षरं

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आम्हा मराठी घरांना श्रावण वद्य षष्ठी कळायची ती शेजारच्या कमरछठमुळे. मुलांसाठी उपास करणाऱ्या बाया त्या दिवशी नांगरटीतलं काही तोंडात घालत नाहीत. म्हशीचं दही, सहा भाज्या आणि पसहरचा भात. पसहर म्हणजे रानधान. तळ्याकाठी, डबऱ्यांत आपसूक उगवतं आणि पिकल्याबरोबर दाणे गाळून मोकळं होतं, म्हणून गोळा करणाऱ्याचा जीव जातो. एरवी कुणी विचारत नाही असे ते तांबूस तांदूळ त्या आठवड्यात गोलबाजारात दुबराजापेक्षा महाग. आजी म्हणायची, "आपल्या ऋषिपंचमीचंच हे भावंड." बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम दोन्हीकडे एकच.

याच कुळातला करगा नावाचा रानभात मात्र शेतकऱ्याला नको असतो. लोंबी येईपर्यंत तो धानासारखाच दिसतो, निंदणाऱ्या बाईने ओळखायचा कसा? त्यावर इथली जुनी युक्ती अशी की जांभळ्या पानांचं धान पेरायचं आणि हिरवं दिसेल ते उपटायचं. कृषी विद्यापीठाचं श्यामला वाण याच कामाचं.

शेतकऱ्यांची अशी नजर कागदावर उतरवली डॉ. राधेलाल रिछारियांनी. सत्तरच्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत असताना त्यांनी गावोगावची एकोणीस हजारांच्या आसपास वाणं जमवली, शेतकऱ्यांनी दिलेल्या नावांसकट. पुढे तो ठेवा कृषी विद्यापीठाकडे आला. २००२ साली त्यावर सिंजेंटा या बियाणे कंपनीशी करार होऊ घातला, तेव्हा एवढा गदारोळ उठला की कंपनीनेच अंग काढून घेतलं. बरं झालं, असं माझं मत.

नजरेने ओळखायचं ते धान पुढे अक्षरांतही वाचता आलं. २००५ मध्ये भाताचा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, वाचून झाला. त्या कामात भारतही होता, अकराव्या गुणसूत्राचा एक तुकडा आपल्याकडे वाचला गेला. सगळी मिळून ३९ कोटी अक्षरं. माणसाची ३०० कोटींवर. आणि चातुर्मासात आपण वर्ज्य करतो त्या कांद्याची माणसाच्या पाचपट! आकारावरून शहाणपण ठरवणाऱ्यांनी कांदा चिरताना हे आठवावं.

हा फुगवटा बराचसा उड्या मारणाऱ्या डीएनएचा. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके पाहून १९४०च्या दशकात तो हेरला. नोबेल मिळालं १९८३ला. भाताच्या जिनोममध्ये असल्या तुकड्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका रानभातात तर गेल्या तीसेक लाख वर्षांत ते स्वतःच्या नकला काढत इतके माजले की जिनोम दुपटीवर गेला. तरी ते गवत रानभातच राहिलं.

उलट पसहर तांबूस आणि आपला रोजचा भात पांढरा, हा फरक बहुतेक वाणांत एका जनुकातली चौदा अक्षरं गळाल्यामुळे पडला. चौदा! कुण्या जुन्या शेतकऱ्याच्या डोळ्यांना पांढरा दाणा आवडला, त्याने तो बियाण्याला राखला. रिछारियांच्या पाकिटांतल्या पांढऱ्या तांदळांपैकी बहुतेकांत ती अक्षरं सापडायची नाहीत. पसहरात ती शाबूत आहेत.