त्वचा-कर्करोग : संशोधनाचा इतिहास

त्वचेतील कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन निर्माण होणाऱ्या मारक अर्बुदांना (गाठींना) ‘त्वचा-कर्करोग’ ही सर्वसामान्य संज्ञा आहे. त्याचे तीन प्रकार प्रमुख मानले जातात. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील कोशिकांपासून होणाऱ्या प्रकाराला आधारकोशिका कर्करोग, तिच्या वरच्या थरांतील चपट्या कोशिकांपासून होणाऱ्या प्रकाराला शल्ककोशिका कर्करोग आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिकांपासून होणाऱ्या प्रकाराला मेलॅनोमा म्हणतात. पहिला सावकाश वाढतो व आसपासचे ऊतक पोखरतो, परंतु शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. दुसरा लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. तिसरा त्या मानाने विरळ, परंतु तिन्हींत अधिक घातक आहे.

गोऱ्या वर्णाच्या लोकांत त्वचा-कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत त्याचे प्रमाण विशेष मोठे आहे. भारतात सर्व कर्करोगांमध्ये त्याचा वाटा सुमारे एक ते दोन टक्के इतकाच आढळतो. मेलॅनिन जंबुपार किरण शोषून घेत असल्यामुळे गडद वर्णाच्या त्वचेला नैसर्गिक संरक्षण मिळते. पाश्चात्त्य देशांत सूर्यप्रकाश हे या रोगाचे मुख्य कारण ठरले. भारतात मात्र भाजल्याचे जुने व्रण, न भरणाऱ्या जखमा, आर्सेनिकयुक्त पाणी आणि कमरेला आवळून नेसलेले वस्त्र ही कारणेही तितकीच महत्त्वाची ठरली. त्यामुळे गोऱ्या त्वचेवरून तयार झालेली रोगवर्णने भारतीय रोग्यांना जशीच्या तशी लावल्यास निदान चुकण्याचा किंवा लांबण्याचा संभव असतो.

आरंभीचा इतिहास : कर्करोगाला बाह्य कारण असू शकते, ही कल्पना प्रथम त्वचेच्या रोगावरूनच पुढे आली. लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या वृषणकोशाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले व त्याचा संबंध त्वचेच्या वळ्यांत साचणाऱ्या काजळीशी जोडला. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८०४ मध्ये मेलॅनोमा हा स्वतंत्र रोग असल्याचे प्रतिपादन केले. आयरिश वैद्य आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्या व चेहरा पोखरणाऱ्या व्रणाचे वर्णन केले. तोच पुढे आधारकोशिका कर्करोग म्हणून ओळखला गेला. १८२८ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक झां निकोला मार्जोलँ यांनी जुन्या व्रणांच्या जागी उद्‌भवणाऱ्या चामखिळीसारख्या वाढीची नोंद केली. अशा जागी होणाऱ्या कर्करोगाला आजही ‘मार्जोलँ व्रण’ असे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारणांची यादी वाढत गेली. इंग्रज वैद्य जोनाथन हचिन्सन यांनी आर्सेनिकयुक्त औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्वचा-कर्करोग होतो, असे दाखविले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या उघड्या त्वचेवरील बदलांचा संबंध उन्हाशी जोडला. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि अवघ्या सात वर्षांनी, १९०२ मध्ये, त्या किरणांशी सतत संबंध आलेल्या हातावर झालेल्या कर्करोगाची नोंद हँबर्ग येथे झाली.

या निरीक्षणांना प्रयोगाचा आधार जपानमध्ये मिळाला. कात्सुसाबुरो यामागिवा व कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांवर अनेक महिने वारंवार डांबर लावून तेथे कर्करोग निर्माण केला (१९१५). रासायनिक पदार्थाने प्राण्यात हेतुपुरःसर कर्करोग उत्पन्न करण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग होय. लंडनमधील अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने पुढे डांबरातील प्रत्यक्ष कर्कजनक द्रव्याचा माग काढला व १९३३ मध्ये बेंझोपायरीन हे संयुग वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. जंबुपार किरणांनी उंदरांच्या त्वचेवर कर्करोग होतो, हे जॉर्ज फिंडले यांनी १९२८ मध्ये दाखविले होते. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी ऊन मुळीच न सोसणाऱ्या एका आनुवंशिक विकारात, किरणांनी बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती करण्याची कोशिकांची क्षमता उणी असते, असे सिद्ध केले. १९९१ मध्ये शल्ककोशिका कर्करोगातील ‘पी ५३’ या जनुकात जंबुपार किरणांचा विशिष्ट ठसा आढळला आणि ऊन ते अर्बुद ही साखळी जुळली.

भारतातील अभ्यास : भारतातील त्वचा-कर्करोगाचे पहिले प्रसिद्ध उदाहरण काश्मीरमधील आहे. थंडीत ऊब मिळावी म्हणून तेथील लोक निखाऱ्यांनी भरलेले, वेताच्या वेष्टनातील मातीचे भांडे (कांगडी) पायघोळ अंगरख्याच्या आत पोटाशी धरतात. पोट व मांड्यांच्या त्वचेला वर्षानुवर्षे बसणाऱ्या या धगीमुळे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन स्कॉटिश वैद्य विल्यम एल्म्सली यांनी १८६६ मध्ये केले. श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नीव्ह यांनी पुढे अशा अनेक रोग्यांचा अभ्यास केला. ‘कांगडी कर्करोग’ हे नाव तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत रूढ झाले.

महाराष्ट्रातील अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी निगडित आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. लंडन येथे विकृतिविज्ञानाचे उच्च शिक्षण घेतलेल्या खानोलकरांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या रोग्यांच्या चालीरीती, आहार, व्यसने व पेहराव यांचा त्यांच्या रोगाशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी होता. १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह भारतातील रूढींशी निगडित अशा तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक धोतराच्या वापराशी संबंधित होता. तो ‘धोतर-कर्करोग’ म्हणून ओळखला जातो.

या रोगाची घडण सोपी आहे. धोतर कमरेभोवती रोज एकाच जागी घट्ट आवळले जाते. उष्ण हवेत तेथे घाम व धूळ साचते, कापडाचे घर्षण चालूच राहते. आरंभी त्वचेचा रंग काळपट होतो किंवा उडून पांढुरका होतो, कोंडा सुटतो, त्वचा पातळ पडते. कालांतराने तेथे भेग पडते, ती भरते व पुन्हा उलते. अनेक वर्षे चाललेल्या या दाहातून क्वचित शल्ककोशिका कर्करोग उद्‌भवतो. या शोधाचे महत्त्व रोग्यांच्या संख्येत नाही, कारण ती अल्पच आहे. कारण रोजच्या सवयीत असेल तर ते दूर करणेही माणसाच्या हाती असते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष मोलाचा आहे. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. १९६६ मध्ये ते व रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र ही संस्था झाली.

स्त्रियांमध्येही परकराच्या नाडीमुळे असाच कर्करोग होत असल्याची उदाहरणे पुढील काळात नोंदली गेली. २०२४ मध्ये वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील वैद्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिली साडीच्या आत परकर घट्ट बांधीत असे. तिच्या कुशीवरील व्रण दीड वर्ष भरला नव्हता. दुसरी चाळीस वर्षे रोज परकराशिवाय लुगडे नेसत असे. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि निदानाच्या वेळी रोग जांघेतील लसीका ग्रंथीपर्यंत पोहोचला होता. दोघींचाही रोग मार्जोलँ व्रण हाच होता. खानोलकरांच्या नोंदीला जवळजवळ ऐंशी वर्षे झाल्यावरही हा रोग वर्ष-दोन वर्षे अंगावर काढला जातो, हे या हकीकतींवरून दिसते.

धोका : भाजल्याच्या जुन्या व्रणात कर्करोग होण्यास सरासरी तीस वर्षे लागतात, त्यामुळे लहानपणीच्या भाजण्याचा परिणाम उतारवयात दिसू शकतो. असा कर्करोग उन्हामुळे झालेल्या शल्ककोशिका कर्करोगापेक्षा अधिक आक्रमक असतो. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायांवरील जुनाट क्षतांतही तो होऊ शकतो. वेदना नसल्याने तेथे बदल ध्यानी येत नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकापासून विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकामुळे होणारे त्वचाविकार व कर्करोग आढळले आहेत. जन्मतः मेलॅनिन नसलेल्या व्यक्तींना भारतातही उन्हाचा धोका मोठा असतो. भारतीयांतील मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली आढळतो. या भागांवर ऊन फारसे पडत नाही, त्यामुळे त्याचे मूळ केवळ उन्हात शोधता येत नाही.

निदान : त्वचा-कर्करोग नुसत्या डोळ्यांना दिसतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. अमेरिकन विकृतिवैज्ञानिक अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मेलॅनोमाची मिलिमीटरमधील जाडी हे रोग्याच्या भवितव्याचे उत्तम गमक असल्याचे दाखविले. रोग जितका पातळ असताना सापडेल तितका तो बरा होण्याचा संभव अधिक. १९८५ मध्ये डागाची असमान घडण, वेडीवाकडी कड, मिश्र रंग व वाढता व्यास ही चार लक्षणे सर्वसामान्यांसाठी सुचविण्यात आली. तळपायावरील किंवा नखाखालील मेलॅनोमा मात्र पुष्कळदा जखम, भोवरी किंवा नखाचा मुकामार समजून दुर्लक्षिला जातो. त्वचादर्शक या प्रकाशयुक्त भिंगामुळे तज्ज्ञांचे निदान अधिक अचूक झाले आहे; तथापि अंतिम निर्णय ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षेनेच होतो.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी छायाचित्रांवरून त्वचा-कर्करोग ओळखणारी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिची अचूकता त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीची होती. परंतु २०२२ मधील एका अभ्यासात अशा प्रणाली गडद त्वचेवरील रोग ओळखण्यात उण्या पडतात असे आढळले. ज्या चित्रांवरून त्यांना शिकविले जाते ती बहुतांशी गोऱ्या त्वचेची असतात. पाश्चात्त्य वर्णनांची जुनी मर्यादा नव्या यंत्रातही उतरल्याचे हे उदाहरण आहे.

चिकित्सा : रोगग्रस्त भाग भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह कापून काढणे हा आजही मुख्य उपचार आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात अर्बुद थराथराने काढून प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे चेहऱ्यावरील निरोगी त्वचा वाचविता येते. प्रारणचिकित्सा व काही वेळा औषधी मलमे यांचाही उपयोग होतो.

पसरलेल्या मेलॅनोमावर २०११ पर्यंत आयुर्मान वाढविणारा खात्रीचा उपाय नव्हता. सुमारे निम्म्या मेलॅनोमांत ‘बी-रॅफ’ जनुकात बिघाड असतो, हे २००२ मध्ये समजले. त्याला रोखणारे व्हेमुराफेनिब हे औषध २०११ मध्ये वापरात आले. त्याच वर्षी शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील अटकाव दूर करणारे इपिलिमुमॅब हे औषध मान्य झाले. या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढारलेल्या शल्ककोशिका कर्करोगासाठीही २०१८ पासून असे औषध उपलब्ध आहे. मात्र तळपायाच्या मेलॅनोमात बी-रॅफचा बिघाड कमी आढळतो आणि प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांचा गुणही तुलनेने कमी येतो. ही औषधे अतिशय महागही आहेत. लवकर सापडलेला रोग मात्र पुष्कळदा एका छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.

प्रतिबंध : ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या एका पाहणीत रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांत शल्ककोशिका कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. भारतीय ग्रामीण समाजात प्रतिबंधाचे उपाय निराळे आहेत. धोतर, लुगडे किंवा परकर सैल बांधणे, बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी वापरणे, बांधण्याची जागा बदलत राहणे, तो भाग स्वच्छ व कोरडा ठेवणे, भाजल्यास वेळेवर पूर्ण उपचार घेणे, हे ते उपाय होत. चार आठवड्यांत न भरलेले क्षत, जुन्या व्रणावर आलेली गाठ किंवा भेग, तळपायावरील वाढता काळा डाग आणि नखावरील रुंदावत जाणारी काळी रेघ यांची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे गावोगाव जाऊन केवळ माहिती दिल्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले. जो रोग दिसत नाही त्याबाबत हे साधले. जो त्वचेवर दिसतो त्याबाबत ते अधिक सुलभ आहे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा यासारख्या गावापासून मुंबईचे रुग्णालय पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा गावांत कमरेचा पांढुरका पट्टा किंवा तळपायाचे न भरणारे क्षत प्रथम घरच्या माणसांच्या, आशा कार्यकर्तीच्या किंवा उपकेंद्रातील परिचारिकेच्या नजरेस पडते. ते क्षत ओळखून वेळीच पुढे पाठविण्यावर रोग्याचे भवितव्य मुख्यत्वे अवलंबून असते.