तिसऱ्या वर्गाचा डबा

जुन्या आगगाड्यांचे डबे, गार्डाच्या ब्रेकव्हॅन, त्यांचे क्रमांक, नकाशे आणि छायाचित्रे गोळा करणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. मी त्यांच्यापैकीच एक. शिक्षकाची नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी मनमाड-भुसावळकडच्या यार्डांच्या कडेला उभे राहून भंगारात निघालेल्या डब्यांच्या वह्या भरल्या. डबा कोणत्या साली बांधला, कोणत्या कारखान्यात बांधला, चाके चार की आठ, अंग सागवानी की लोखंडी, बाके किती, खिडकीला गज किती. असल्या नोंदींना इतिहास म्हणावे की नाही याबद्दल विद्वानांचे काय मत असेल ते असो. मला त्यात गोडी वाटत आली आहे.

काही वर्षांपूर्वी एका हौशी मंडळाने आपल्या स्मरणिकेसाठी तिसऱ्या वर्गाच्या डब्यावर लेख मागितला. मी लिहून दिला. छापून आला तेव्हा सागवान, पितळी कड्या, कारखान्यांची नावे सारे जागच्या जागी होते. डब्याच्या संडासाबद्दलचे आणि त्या संडासाच्या भोकाखाली ज्यांनी आयुष्य काढले त्या माणसांबद्दलचे दोन परिच्छेद मात्र गळाले होते. विचारले तेव्हा संपादक अगदी सौम्यपणे म्हणाले, "गुरुजी, तो विषय डब्याचा नाही हो, समाजाचा आहे."

माणूस वाईट नव्हता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, ओढायला तीन इंजिने. एवढे शाळेतली पोरेही सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात कार्ल मार्क्सचा हिंदुस्थानावरील लेख प्रसिद्ध झाला. रेल्वेतून जो आधुनिक उद्योग उभा राहील तो इथली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून टाकील, आणि जाती या विभागणीवरच उभ्या असल्याने त्याही ढासळतील, असे भाकीत त्याने त्यात केले. मार्क्स की आंबेडकर हा वाद आपल्या चळवळीत पुष्कळ झाला, आणि तो बहुतेक वेळा ग्रंथ समोर ठेवून झाला. पण हे भाकीत तपासायला एक लाकडी-लोखंडी पुरावा शंभर-सव्वाशे वर्षे रुळांवर धावत होता. तो कोणी उघडून पाहिला नाही.

पाहू गेले तर पहिली गोष्ट भाकिताच्या बाजूची निघते. रेल्वे कंपन्यांनी डबे जातीवार केले नाहीत, पैशावार केले. विटाळाची धास्ती सनातन्यांना होतीच; पण प्रत्येक जातीला वेगळा डबा जोडणे नफ्याच्या हिशेबात बसणारे नव्हते. ज्याने तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले तो तिसऱ्या वर्गाच्या फळीवर बसला. त्या फळीचेही कौतुक करण्यासारखे काही नव्हते. १८७० नंतरच्या दशकात बाकेच नसलेला चौथा वर्गही काढण्यात आला होता. माणसे गुराढोरांसारखी फरशीवर बसून जात. पुढे त्यातच बाके घालून त्याचे तिसरा असे नामकरण झाले. प्रवाशांपैकी नऊ दशांशांहून जास्त माणसे याच वर्गाने जात, आणि कंपन्यांचे प्रवासी उत्पन्नही मुख्यतः त्यांच्याच खिशातून येई. इकडे पहिल्या वर्गाच्या डब्याला साहेबाच्या नोकरांसाठी वेगळा कप्पा जोडलेला असे, आणि गार्डाच्या डब्यात साहेबाच्या कुत्र्यासाठी खण. जुन्या नकाशात हा कुत्र्याचा खण मापासकट दाखवलेला असतो.

गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले. ते हाल खरेच होते. पण वरून खाली येऊन बसणाऱ्याला ती फळी जशी दिसते तशी गावकुसाबाहेरून येऊन बसणाऱ्याला दिसत नाही. आमच्या आजीला गाडीतली गर्दी आवडत असे. ती म्हणायची, "गाडीत समदी येकमेकाला घासून बसत्यात, आन् कुनी आंघुळ करीत न्हाई." खेड्यात ज्याच्या सावलीपासून दूर राहायचे त्याच्या मांडीला मांडी लावून नांदगाव ते मनमाड बसायला मिळे, तेही सरकारी तिकिटावर. अर्थात हे सुख किती टिकायचे? शेजारच्याने तंबाखू मळता मळता "कुठलं पाव्हनं? आडनाव काय म्हनायचं?" असे विचारीपर्यंत. मग कोणी गावाचे नाव सांगून आडनाव गिळी, कोणी खोटेच सांगे, कोणी खिडकीबाहेर पाही. हा प्रश्न रेल्वेच्या कोणत्याही नकाशात नाही, पण त्या बाकाचा तो भाग होता, जसे त्याचे खिळे होते.

बाबासाहेबांनी १९०१ सालची आपली मसूरची हकीकत लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून भावंडे, भाचे असे पोरांचे लटांबर नवे कपडे घालून वडिलांकडे निघाले. आगगाडीचा तो पहिलाच प्रवास, आणि डब्यात काही झाले नाही. मसूरला उतरल्यावर स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पोरे महाराची आहेत हे कळताच तो मागे सरला. आणि मग बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्याने एक गाडी मिळाली, ती पोरांनी स्वतः हाकायची या अटीवर. १९२९ मध्ये चाळीसगावला तेच. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टरला टांगेवाला मिळेना. आपल्याच वस्तीतल्या एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, त्याने हाकला आणि अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. या दोन हकीकतींत मला नेहमी एक गोष्ट जाणवते. डब्याची पायरी आणि फलाट यांच्यामध्ये वीतभर फट असते. त्या फटीच्या अलीकडे तिकीट चालायचे, पलीकडे जात चालायची. फलाटावर हिंदू पाणी वेगळे, मुसलमान पाणी वेगळे अशी सोय होती. आमच्यासाठी तिसरा माठ मांडलेला नव्हता. वरून ओंजळीत धार सोडणाऱ्याच्या मर्जीवर तहान भागायची.

आता त्या गळालेल्या परिच्छेदांकडे येतो.

पहिल्या वर्गाच्या डब्यात संडास आला तो १८९० नंतर. खालच्या वर्गाला त्यासाठी बराच काळ थांबावे लागले. लोक स्टेशनावर उतरून आडोसा गाठत. साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला १९०९ साली एका बंगाली प्रवाशाने लिहिलेले तक्रारीचे पत्र प्रसिद्ध आहे. आडोशाला बसला असता गाडी सुटली आणि फलाटावर त्याची शोभा झाली. त्याच्या मोडक्या इंग्रजीला लोक आजही हसतात. सोय झाली हे चांगलेच झाले. पण ती कशी झाली? डब्याच्या तळाला एक भोक पाडून. खाली टाकी नाही, काही नाही. वरचे सारे थेट रुळांवर. गाडी स्टेशनात उभी असताना वापर करू नका अशी पाटी आत लावलेली असे. म्हणजे फलाटावरच्या नाकांचा विचार झाला होता. दोन स्टेशनांच्या मधल्या लाइनीवर कोण असते याचा विचार करायची गरज कोणाला वाटली नाही.

मधल्या लाइनीवर माझे आजोबा होते. जी. आय. पी. रेल्वेत, नांदगावकडच्या एका ग्यांगमध्ये. स्लीपरखाली खडी ठोकायची, फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, गाडी आली की घमेली-फावडी उचलून बाजूला व्हायचे. मेलगाडी जाताना बाजूला होऊनही अंगावर शिंतोडे येत. गाडी गेली की पुन्हा त्याच खडीत हात. आजी संध्याकाळी दाराबाहेर पाण्याची घागर ठेवी. आजोबा बाहेरच अंग धुऊन, धोतर बदलून आत येत. लहानपणी मी हे शेजारच्या आळीतल्या सोवळ्याशी जोडून पाही आणि मला हसू येई. पुढे कळले की आमच्या घरात विटाळ खराच होता, आणि तो वरच्या वर्गाच्या डब्यातूनही पडत होता. मोठ्या स्टेशनांवर फलाटाशेजारची लाइन धुवायला, खरडायला वेगळी माणसे असत. ती कोणत्या जातींची असत हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन तिथलेच. तेवढे आपण व्याख्यानांतून वारंवार सांगतो. त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील मात्र सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत ग्यांगमन म्हणून लागतो आणि ग्यांगमन म्हणूनच मरतो. साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरीही राबावे लागते आणि अस्पृश्य त्या घरात चालत नाही. कारखान्यात तो मेकॅनिक नाही, कुलीच, असा त्याचा आशय आहे. मार्क्सच्या लेखाला तोपर्यंत पंचाऐंशी वर्षे झाली होती. ज्या रेल्वेने वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडायची, तिने ती आपल्या हजेरीपटावर उतरवून घेतली होती. आजोबा त्या परिषदेला होते. मनमाडपर्यंत ते चालत गेले होते की मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून, याबद्दल त्यांचे दोन वेळचे सांगणे जुळत नसे.

ब्रेकव्हॅनबद्दल थोडे. गाडीच्या शेवटी हा डबा. आत हातब्रेकचे चाक, दाब दाखवणारे घड्याळ, लाल-हिरवी निशाणे, कंदील, एक कठीण बाक. मागे शेवटचा डबा ओळखू यावा म्हणून एल. व्ही.ची पाटी. सुरुवातीला या डब्यात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन गार्ड असत. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये बाबासाहेबांनी सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी राखीव जागा मिळवल्या, पुढे संविधान आले, आणि आमच्या वस्तीतला पहिला गार्ड १९६० नंतर मालगाडीच्या शेवटी उभा राहिला. सारी वस्ती त्याला बघायला फाटकापर्यंत गेली होती. तो सांगायचा, की गार्डाची पेटी डब्यात चढवणे पोर्टरचे काम. पण त्याची पेटी पोर्टर पहिले काही महिने नेमकी विसरायचा. तो स्वतः खांद्यावर घेऊन चढे. तक्रार केली नाही. म्हणे, "पेटी जड नव्हती, गुरुजी."

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. १९५५ साली पेरांबूरच्या कारखान्यातून पोलादी डबे निघू लागले आणि सागवानी डबे हळूहळू यार्डांच्या कडेला गेले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला, तोच दुसरा झाला. मधु दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळीवर दोन इंच फोम आला. गरिबाच्या पाठीचा विचार करणारा मंत्री म्हणून त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. भोक तसेच राहिले. लाकूड जाऊन पोलाद आले, फळी जाऊन फोम आला, भोक तसेच. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुळांवरची ही हाताने होणारी मैलासफाई मुदत घालून थांबवा असे रेल्वेला सांगितले. डब्यांखाली जैविक टाक्या बसवण्याचे काम २०१९-२० च्या सुमारास उरकत आले. दरम्यान ग्यांगमनचा ट्रॅकमन आणि ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. २०२२ मध्ये गार्डही ट्रेन मॅनेजर झाले. नावे बदलण्यात रेल्वे कधी मागे नव्हती.

दिल्लीला १९७७ पासून रेल्वेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बांधलेला १८७५ चा सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा आहे. लाकूडकाम पाहण्यासारखे, यात शंका नाही. मी ते दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा खाली वाकून पाहिले. पहारेकऱ्याने विचारले, काही पडले का?

आता माझ्या वहीत मी एक रकाना वाढवला आहे. क्रमांक, साल, कारखाना, चाके, बाके, आणि शेवटी "खाली कोण". यार्डात भेटलेल्या निवृत्त माणसांना विचारून तो भरतो. डबे धुणारे, लाइन धुणारे, ग्यांगवाले. कितव्या मैलावर काम होते, हजेरी कोण घेई, पाणी कोण आणी, अंग कुठे धुवत. डब्याचे साल चुकले तर कुठल्या तरी नोंदीवरून दुरुस्त करता येते. ही माणसे सत्तरीच्या पुढची आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे कोणी असेल त्यांनी एवढे विचारून घ्यावे आणि तारीख घालून लिहून ठेवावे. आजोबांच्या रकान्यात माझ्याकडे ग्यांगचे ठिकाण आहे, घागर आहे. मैलाचा आकडा विचारायचा राहून गेला.