टेंभली, २०१०: आधारची कळ कोणाच्या हाती?

१/ २९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले.

२/ नोंदणीची कृती सोपी होती. नाव, जन्मतारीख व पत्ता सांगणे, मग छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांची प्रतिमा. शरीर नागरिकाचे, कळफलक मात्र ऑपरेटरचा.

३/ मिळालेल्या बारा अंकांत जात, धर्म वा जिल्हा दडलेला नसतो. शेवटचा अंक तपासणीचा असतो. लिहिताना एखादा अंक चुकला तर संगणकाला ते कळते.

४/ शरीराला मात्र असा तपासणीचा अंक नाही. शेती-मजुरीने बोटांच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानात माणूस समोर उभा असूनही यंत्र त्याला ओळखत नाही.

५/ २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी आधार कायदा मुख्यत्वे वैध ठरवला; खाजगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद मात्र रद्द केली.

६/ आज एक कळ नागरिकाकडेही आहे. ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकावा, नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा आणि बायोमेट्रिक लॉक करावे. रेशनसाठी अंगठा देण्यापूर्वी ते उघडण्यास विसरू नये.

७/ ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याच्यासाठी ही कळ अजूनही दुसऱ्याच्याच हाती आहे. टेंभलीत सुरू झालेल्या इतिहासाचे हे प्रकरण अपूर्ण आहे.