‘चॅपलेन’ आणि त्याचें गोत्र

मुंबईच्या कोटाची तटबंदी १८६० नंतरच्या दशकांत पाडली गेली आणि तिच्याबरोबर ‘चर्चगेट’ हा दरवाजाही नाहींसा झाला. स्टेशनाच्या रूपानें नांव तेवढें उरलें. ज्या चर्चवरून हें नांव पडलें, तें सेंट थॉमसचें चर्च १७१८ सालच्या नाताळांत उपासनेसाठीं खुलें झालें. त्यासाठीं झटणारा गृहस्थ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा ‘चॅपलेन’ रिचर्ड कॉब. मराठींत त्याला सरसकट ‘पाद्री’ म्हणून आपण मोकळे होतों. पण गांवच्या चर्चचा तो पाद्री. राजा, सरदार, पलटण, जहाज, तुरुंग किंवा कंपनी यांच्या पदरीं असलेला तो चॅपलेन. आपल्याकडील ग्रामोपाध्याय आणि राजपुरोहित यांच्यांत जो भेद, साधारण तसाच हा.

हा शब्द निघाला तो एका झग्यापासून. चौथ्या शतकांत मार्टिन नांवाच्या रोमन शिपायानें थंडीनें कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तरवारीनें कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. हा मार्टिन पुढें फ्रान्सांतील तूर येथील बिशप व संत झाला. त्याचा म्हणून मानलेला झगा फ्रँक राजांनीं जिवापाड जपला. तो ते लढाईवर बरोबर नेत, आणि त्याच्या साक्षीनें शपथा घेववीत. लॅटिन भाषेंत झगा तो ‘कप्पा’, लहान झगा तो ‘कप्पेल्ला’. तो ठेवण्याची जागा ती ‘चॅपेल’, आणि त्याचे राखणदार ते ‘चॅपलेन’.

शपथेचें साधन ज्याच्या ताब्यांत, त्याचा न्यायाशीं संबंध येणारच. शिवाय त्या काळीं लिहितां-वाचतां येणारे बहुतेक हेच लोक. त्यामुळें राजांचीं आज्ञापत्रें व दानपत्रें त्यांच्याच हातून उतरूं लागलीं. इंग्रजी ‘क्लार्क’ हा शब्ददेखील ‘धर्मोपदेशक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासूनच आला आहे. ‘चॅन्सेलर’ हा तर मूळचा रोमन न्यायसभेच्या जाळीपाशीं बसणारा कारकून. इंग्लंडांत तो चढत चढत प्रमुख न्यायाधिकारी झाला. शब्दांचें नशीबही माणसांसारखेंच असतें. आपली ‘फिर्याद’ मूळ फारसींत नुसता आक्रोश होती.

आठव्या हेन्रीच्या काळीं, १५२९ सालीं, एका कायद्यानें कोणीं किती चॅपलेन ठेवावे हें ठरवून दिलें. आर्चबिशपला आठ, ड्यूकला सहा, अर्लला पांच, बॅरनला तीन. ही मोजदाद भक्तिभावाची मानूं नये. सरदाराच्या पदरच्या चॅपलेनला एकाच वेळीं दोन चर्चचें उत्पन्न खाण्याची सवलत मिळे. संख्येला आळा घातला नसता, तर सवलतींनाही अंत राहिला नसता.

या वर्गाची सर्वांत मोठी सवलत मात्र जिवाची होती. धर्मोपदेशकाला राजाच्या न्यायालयानें फांशी देऊं नये, बिशपच्या स्वाधीन करावें, असा दंडक मध्ययुगांत रुळला. आरोपी धर्मोपदेशक आहे हें ओळखावें कसें? त्याला वाचतां येतें काय, हें पाहून! मग वाचतां येणारा कोणीही गृहस्थ ही सवलत मागूं लागला. बायबलांतील एक्कावन्नावें स्तोत्र वाचावयास देण्याचा प्रघात पडला. निरक्षर चोर तेंच कडवें पाठ करून येत. लोक त्याला ‘गळ्याचें कडवें’ म्हणत, कारण त्यानें गळा वांचे. १४८९ पासून सामान्य माणसाला ही सवलत एकदांच मिळूं लागली, आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर डाग देत. प्रसिद्ध नाटककार बेन जॉन्सन यानें १५९८ सालीं द्वंद्वयुद्धांत एका नटाला ठार मारलें, तेव्हां तो याच वाचनानें सुटला. अंगठा तेवढा डागला गेला.

वाचनाची परीक्षा १७०६ सालीं बंद झाली. पण पार्लमेंट एकेका गुन्ह्यापुढें ‘धर्मोपदेशकाच्या सवलतीविना’ हे शब्द लिहीत गेलें. त्यांचा अर्थ, सुटका नाहीं, फांशीच. असे गुन्हे एकशें साठ असल्याचें ब्लॅकस्टन या कायदेपंडितानें नमूद केलें आहे.

खोटा दस्तऐवज करणें हा त्यांपैकींच एक. दुसऱ्या जॉर्जच्या कारकीर्दींतील हा कायदा १७७५ सालीं कलकत्त्याच्या नव्या सुप्रीम कोर्टानें बंगालच्या महाराजा नंदकुमारास लावला. त्यानें वॉरन हेस्टिंग्जवर लांचखाऊपणाचे आरोप केले होते. पुढें थोड्याच दिवसांत त्याच्यावर जुना कर्जरोखा खोटा केल्याचा खटला उभा राहिला. इंग्लंडचा कायदा बंगालला लागू पडतो काय, हा वाद पुढें वर्षानुवर्षें चालला. न्यायमूर्ति इंग्रज, पंच युरोपियन, आणि बंगालच्या न्यायपद्धतींत या गुन्ह्यास देहान्त शिक्षा नव्हती. विद्वान म्हणावा असा हा ब्राह्मण मुत्सद्दी. पण ज्या सवलतीनें इंग्लंडांतील चोर पाठांतरावर सुटत होते, तिचें दार कायद्याच्या त्या चार शब्दांनीं आधींच लावलें होतें. ५ ऑगस्ट १७७५ रोजीं त्याला फांशी दिलें. इंग्लंडांत ही सवलत १८२७ सालीं कायद्यानें रद्द झाली.