श्रद्धेचा अवमान आणि कायद्याचे माप

दर १२ जानेवारीला सिंदखेड राजाच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. १५९८ साली जिथे जिजाऊंचा जन्म झाला, त्या लखुजी जाधवांच्या वाड्यात डोके टेकवून माणसे बाहेर पडतात आणि पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात. इतर जत्रांत पाळणे आणि खेळणी असतात, इथे पुस्तकांच्या रांगा असतात. कापूस विकून हाती आलेल्या पैशांतून थोडे बाजूला काढायचे, त्याची पुस्तके घ्यायची, पिशवी छातीशी धरून एसटीत चढायचे, अशी माणसे मी इथे पाहिली आहेत. धर्मनिंदा आणि कायदा या विषयाच्या अभ्यासासाठी तुम्ही हे पुस्तक हाती घेतले आहे. माझी विनंती एवढीच, की लंडन-लाहोरच्या निकालपत्रांकडे नंतर वळा. आधी बुलढाणा जिल्ह्यातल्या या रांगेत येऊन उभे राहा.

कारण आपल्या पिढीने पाहिलेले या विषयातले सर्वांत मोठे प्रकरण जिजाऊंच्या नावाशी जोडलेले आहे. अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक २००३ साली निघाले. त्यात जिजाऊ आणि शहाजीराजे यांच्याविषयीची एक ऐकीव कुचेष्टा पुराव्याचा कसलाही आधार न देता छापली होती. त्या वर्षअखेरीस प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी लेन यांना संशोधनात साहाय्य करणाऱ्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि पोथ्या, ग्रंथ, कपाटे यांची नासधूस झाली. त्याच महिन्यात सरकारने बंदी घातली, गुन्हाही नोंदवला गेला.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात. सिंदखेडच्या माणसाला झालेली वेदना खरी होती. आईवरून कोणी बोलले की जे होते तेच ते होते, आणि त्याला अडाणीपणा म्हणणारा अभ्यासक या विषयाला लायक नाही. आणि त्या कुचेष्टेला कागदोपत्री उत्तर द्यायचे, तर ते ज्या पोथ्यांच्या आणि ग्रंथांच्या आधारे द्यायचे, त्यांच्यावरच घाव पडला. मला आजही या दुसऱ्या गोष्टीचे दुःख अधिक वाटते.

आता कायदा पाहू. ‘ईशनिंदा’ नावाचा गुन्हा भारतात नाही. धर्माशी संबंधित गुन्ह्यांचे एक प्रकरण १८६० च्या दंडसंहितेत आले. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पैगंबरांवरच्या पुस्तिकेचा प्रकाशक राजपाल उच्च न्यायालयातून सुटला, त्यावर संताप उसळला आणि १९२७ साली कलम २९५-अ जोडले गेले. एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धांचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने अवमान करणे हा त्यातला गुन्हा. कलम आल्याने राजपाल वाचला नाही, १९२९ साली त्याचा खून झाला. १९५७ साली रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरून असल्याचे ठरवले. आज भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक २९९ आहे. लेन प्रकरणात लावले ते त्याचे शेजारी, गटागटांत वैर वाढवण्याविषयीचे १५३-अ.

या दोन्ही कलमांत कळीचा मुद्दा ‘हेतू’ हा आहे. न्यायालयात मात्र बहुतेक वेळा चर्चा चालते ती ‘दुखावले का?’ याची. मग दुखावणे मोजायचे कोणाच्या मनाने? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आपल्याच घरात सापडते. बुलढाणा जेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्या काळात नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका वृत्तपत्राच्या खटल्यात माप घालून दिले: शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या कसोटीवर जोखावा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो, अशा डळमळीत मनाची कसोटी लावू नये. तो खटला धर्माचा नव्हता. पण १९८८ साली ‘तमस’ मालिकेच्या वेळी आणि पुढे २००७ साली लेन यांच्या पुस्तकाच्या प्रकाशकावरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप वापरले.

पुन्हा त्या पुस्तकांच्या रांगेकडे या. तिथे जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ मिळते. १८७३ च्या या पुस्तकात अवतारकथांची जी चिरफाड आहे, ती दुखावलेल्या मनाच्या मापाने मोजली तर पुस्तक एक दिवसही दुकानात राहणार नाही. १९८७ साली राज्य सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, तेव्हा राम-कृष्णावरच्या प्रकरणाविरुद्ध हेच घडू पाहत होते. प्रकरण गाळण्याची तयारी झाली होती. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला, मगच ते टिकले, तेही सरकार या मतांशी सहमत नाही अशी टीप लागून. अवमानाचे कायदे दुबळ्यांची श्रद्धा जपतात असे सांगितले जाते. माझा अनुभव आणि वाचन उलटे सांगते. ज्याच्यामागे जमाव, त्याचीच तक्रार पोलीस ठाण्यात लवकर ऐकली जाते.

आणि नवा धर्मविचार जुन्याला नाकारल्याशिवाय जन्मत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोणार-मेहकरच्या परिसरात वावरले, त्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत. सोवळे-ओवळे त्यांनी झुगारले, बायकांना बरोबरीने ज्ञान दिले. त्या काळच्या धर्ममार्तंडांना हा अवमानच वाटला, आणि त्याची शिक्षा त्यांना भोगावी लागली असे महानुभाव परंपरा सांगते. १२ जानेवारी २००५ रोजी सिंदखेड राजातच शिवधर्माची घोषणा झाली, तीही वैदिक परंपरा नाकारून. तिच्याशी तुम्ही सहमत असा वा नसा, धर्मनिंदेच्या कडक कायद्याखाली ती घोषणा झाली नसती.

कायदा ‘वर्ग’ हा शब्द वापरतो, तिथेही मला अडते. बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळांची होळी पेटते, आजाऱ्याला घेऊन आलेली हिंदू-मुसलमान घरे एकाच मैदानात मुक्काम करतात. उद्या कोणी सैलानींविषयी वावगे लिहिले, तर नेमका कोणता वर्ग दुखावला म्हणायचे?

बाहेरचे जग दोन्ही टोकांना गेले आहे. पाकिस्तानने १९८६ साली २९५-क आणून देहदंडाची वाट उघडली. इंग्लंडने फक्त स्वतःच्या चर्चला जपणारा धर्मनिंदेचा गुन्हा २००८ साली काढून टाकला, आयर्लंडने २०१८ साली सार्वमताने धर्मनिंदेचा गुन्हा राज्यघटनेतून वगळला. डेन्मार्कने २०१७ साली कलम रद्द केले, आणि कुराण जाळण्याच्या प्रकारांनंतर २०२३ साली धर्मग्रंथांच्या विटंबनेवर पुन्हा कायदा केला. हे शेवटचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते, आणि म्हणूनच ते नीट वाचावे असे सुचवतो.

माझे मत मी लपवत नाही. माणसांना हिंसेपासून वाचवणारा कायदा न्याय्य होऊ शकतो. श्रद्धेला प्रश्नांपासून वाचवणारा कायदा आधुनिक समाजात न्याय्य होऊ शकत नाही. तुम्ही पुरावे घेऊन उलट मताला पोहोचलात, तरी या अभ्यासात तुमचे मनापासून स्वागत आहे.

एक सवय मात्र लावून घ्या. प्रत्येक खटल्याच्या कडेला निकालाला लागलेली वर्षे लिहा. लेन यांच्या पुस्तकावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ९ जुलै २०१० रोजी कायमची उठली, घातल्यापासून साडेसहा वर्षांनी. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची गांधींवरची कविता १९९४ साली एका नियतकालिकाच्या अंकात छापली गेली, त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला मोकळे केले, आणि कवीचा खटला पुढे चालू ठेवला.